देवाशी अहोजाहो

देवाला ‘तुम्ही’ म्हणणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच झाला असावा, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहायला होता. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. कोपरखैरण्याला, बोनकोडे गावाच्या पाठीला लागून आमची सोसायटी आहे, तिथे आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि हे काका चौथ्या. आपल्याकडे साहेबाला साहेब म्हणतात, व्याह्यांना ‘आपण’ म्हणतात, जावई तर लग्नाच्या दिवशी कालपर्यंतचा बंड्या असला तरी त्याला अहो म्हणतात. पण देव म्हटला की मराठी माणूस सरळ अरेतुरेवर येतो. मी स्वतः सकाळी गॅस पेटवता पेटवता देव्हाऱ्यातल्या गणपतीला ‘काय रे बाबा, आज तरी पाणी वेळेवर सोडशील का?’ असं विचारते, आणि पाणी नाही आलं तर त्याला चार शब्द सुनावते. वरचे काका नगरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. त्यांच्यातही प्रार्थनेत प्रभूला तूच म्हणतात. काका मात्र संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीशी उभे राहून, हात पाठीमागे बांधून, स्वच्छ खणखणीत आवाजात म्हणायचे, ‘‘अहो परमेश्वर, आपल्याकडून अद्याप खुलासा आलेला नाही.’’

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सोसायटीच्या सेक्रेटरीशी फोनवर बोलतायत. वाळवणाचे पापड उचलायला मी गच्चीवर गेले होते. काकांच्या हातात फोन नव्हता आणि समोर टाकीखेरीज कोणी नव्हतं. मी पापडांची ताटली छातीशी धरून तशीच उलट पावली खाली आले आणि आमच्या ह्यांना म्हटलं, ‘‘वरचे काका टाकीशी अहोजाहो बोलतायत.’’ हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘‘पाणी येईल मग.’’ आमच्या घरात गंभीर विषयावर एवढीच चर्चा होते. आमची मासळीवाली बोनकोड्याची. तिला मात्र सगळं ठाऊक होतं. पापलेटाचे डोळे मला दाखवत ती म्हणाली, ‘‘ताय, काका देवावं रुसलान. आमचे गावान देवीला पन तू बोलतान, यो मानूस तुमी बोलतंय. लय मोटा राग हाय तो.’’

खुलासा हा शब्द काकांनी कंपनीतून आणला होता. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. कारखान्यात कुठे वाफेचा पाइप फुटला, कोणी शिडीवरून पडलं, की काकांनी जायचं आणि का झालं ते शोधायचं. ‘घसरला’ हे त्यांच्या लेखी कारण नव्हतंच. का घसरला? तेल सांडलं होतं. का सांडलं? झडप गळत होती. का गळत होती? असं करत करत ते जिथे पोहोचायचे तिथे सहसा एखादा मोठा साहेब बसलेला असायचा, आणि म्हणून काकांना बढती कधी मिळाली नाही. निवृत्त झाल्यावर ही सगळी विद्या आमच्या सोसायटीच्या वाट्याला आली. ‘लिफ्ट बंद पडली’ असं कोणी म्हटलं की काका म्हणत, ‘‘पडली नाही, पाडली. कोणी पाडली ते बोला.’’ एकदा खालच्या जोशीबाई पायरीवर घसरून बसल्या. लोक त्यांना उठवायला धावले, तर काकांनी हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं आणि बाईंना म्हणाले, ‘‘जरा तशाच बसा, चप्पल कोणत्या दिशेला गेलीय ते बघू द्या.’’ बाई तशाच बसल्या. त्यानंतर त्यांनी काकांशी बोलणं टाकलं, पण त्या पायरीला रबराची पट्टी लागली आणि मग तिथे कोणी घसरलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

नाताळात काकू आम्हाला जेवायला बोलवायच्या. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, सगळा दिवाळीचाच फराळ, त्यामुळे आमच्या घरात वर्षातून दोनदा दिवाळी व्हायची आणि आमच्या ह्यांचा पट्टा दोनदा सैल व्हायचा. काकू गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या की ऐकायला आपणच पुढे वाकायचं. जेवणाआधी प्रार्थना काकांची. आम्ही डोळे मिटून बसायचो आणि काका सुरू करायचे, ‘‘महोदय, आपण पाठवलेलं अन्न मिळालं. भात थोडा जास्त शिजला आहे, त्यात आपला दोष नाही. पाहुणे आले आहेत, त्यांना सांभाळावं. मागील विषय प्रलंबित आहे याची आठवण ठेवावी. कळावे.’’ एवढंच. आमेन नाही, काही नाही, नुसतं ‘कळावे’. मी एकदा धीर करून म्हटलं, ‘‘काका, ‘कळावे’च्या पुढे ‘लोभ असावा’ असतं.’’ काकांनी पापड मोडला आणि म्हणाले, ‘‘ते मी मुद्दाम गाळतो, ताई. लोभ आहे की नाही तेच तर विचारतोय.’’ काकू ताटाकडे बघत राहिल्या. आम्ही सगळे एकदम भाताचं कौतुक करायला लागलो.

प्रलंबित विषय म्हणजे त्यांची मुलगी. बारावीत होती, आम्ही या सोसायटीत येण्याच्या पुष्कळ आधीची गोष्ट. ताप आला, चार दिवसांत गेली. डॉक्टरांनी काही कमी केलं नव्हतं, हे काका स्वतः तपासून सांगायचे. त्यांनी सगळ्या पायऱ्या चढून पाहिल्या होत्या आणि शेवटच्या पायरीवर जो बसलेला होता तो बोलत नव्हता. त्या दिवसांत भेटायला आलेल्या लोकांपैकी एक जण म्हणाला, ही देवाची योजना आहे. दुसरा म्हणाला, तुमची परीक्षा आहे. तिसऱ्याने आवाज खाली आणून विचारलं, घरात प्रार्थना कमी पडत होती का? काका हे सांगताना अजूनही उठून उभे राहायचे. ‘‘कामगाराची चूक!’’ ते म्हणायचे. ‘‘कारखान्यात काही झालं की पहिला रिपोर्ट हाच येतो, ताई. कामगाराचा निष्काळजीपणा. मेलेल्याच्या माथी मारा आणि फाइल बंद करा.’’ त्या दिवसापासून ते देवाला ‘तुम्ही’ म्हणायला लागले. देव सोडला मात्र नाही. ‘‘ज्याच्याकडून उत्तर हवंय त्याच्याशी बोलणं बंद करून कसं चालेल?’’ असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक फार जुनी कथा आहे. मला ती काकांनी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता सांगितली, त्यामुळे ती माझ्या डोक्यात ओल्या टॉवेलांच्या वासासकट बसलीय. एक भला माणूस असतो, देवाला मानणारा, कोणाचं वाईट न करणारा. त्याची गुरंढोरं जातात, मुलंबाळं जातात, अंगभर फोड येतात, आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवत राहतो. त्याचे तीन मित्र भेटायला येतात. आधी बिचारे त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. मग तोंड उघडतात आणि तिघेही एकच पाढा लावतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार. ‘‘तिघेही मॅनेजमेंटची माणसं,’’ काका चिमटा लावत म्हणाले. ‘‘पण तो राखेतला बहाद्दर हटला नाही. म्हणाला, माझं काही चुकलेलं नाही, त्यालाच बोलवा, मी त्याच्याशीच बोलेन.’’ मी विचारलं, ‘‘मग आला का देव?’’ काका म्हणाले, ‘‘आला की. वादळातून आला. आणि उत्तर काय दिलं? काही नाही! म्हणाला, मी पृथ्वी मांडली तेव्हा तू कुठे होतास, समुद्राला दार कोणी लावलं, ते बघ रानगाढव, ते बघ शहामृग. अहो, माणूस विचारतोय पोरं का गेली, आणि हा प्राणिसंग्रहालय दाखवतोय!’’

हा शहामृगाचा राग काकांनी मनात असा धरला होता की त्यापायी ते फ्लेमिंगोंकडेसुद्धा बघत नसत. आमच्या खाडीत हिवाळ्यात हे पक्षी उतरतात आणि सगळी नवी मुंबई वेडी होते. लोक पहाटे उठून दुर्बिणी घेऊन जातात, चौकाचौकात त्यांचे सिमेंटचे पुतळे उभे आहेत. एका रविवारी आम्ही सगळे खाडीकडे गेलो होतो. अख्खं पाणी गुलाबी झालं होतं, काकू गाल हातात धरून बघत होत्या, आणि काका आमच्याकडे आणि खाडीकडे पाठ करून रबाळ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या मोजत उभे. मी म्हटलं, ‘‘अहो काका, एकदा बघा तरी!’’ तर म्हणतात कसे, ‘‘ही युक्ती मला ठाऊक आहे, ताई. आधी पोरगी न्यायची, मग पक्षी दाखवायचे. मी तडजोड करणार नाही.’’ मला हसू आवरेना. मग मी त्यांचा चेहरा पाहिला. उन्हात डोळे घट्ट मिटून ते उभे होते आणि मागे पक्ष्यांचा कलकलाट झाला की त्यांची मान जराशी वळायची, परत सरळ व्हायची. परत येताना रिक्षात ते हळूच मला म्हणाले, ‘‘तो राखेतला माणूस शेवटी शांत झाला. उत्तर मिळालं म्हणून नाही हो. भेट झाली म्हणून. माझी भेटसुद्धा झालेली नाही.’’

काकूंचं देवाशी चांगलं होतं. त्या दर रविवारी उपासनेला जायच्या, ह्या वयात कोरसमध्ये उभ्या राहायच्या, आणि भाजी निवडताना प्रभूशी असं बोलायच्या की मला वाटायचं तो तिथेच पाटावर बसलाय. नवऱ्याच्या अहोजाहोवर त्या चिडत नसत, पण ते त्यांना आतून लागायचं. त्यांचं हृदय कमजोर झालं, जिने बंद झाले, तेव्हापासून मी दुपारी वर जाऊन बसायची. एकदा लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या, ‘‘मला काही नको गं. मी असेपर्यंत यांनी एकदा त्याला ‘तू’ म्हणावं. माझ्या कानाने ऐकलं की मी मोकळी. नाहीतर मी तिकडे गेल्यावर हे आणि तो एकमेकांशी ऑफिसातल्यासारखं बोलत राहणार. कोण आहे यांना दुसरं?’’ काका बाहेरच्या खोलीत होते. तिथूनच म्हणाले, ‘‘तुझ्यासाठी काय वाटेल ते करीन, पण खोटी सही करणार नाही.’’ काकू म्हणाल्या, ‘‘अहो, मी तुम्हाला जन्मभर अहो म्हणतेय. मी काय तुमच्यावर रुसलेय?’’ यावर काका चष्मा पुसत बसले. काकू माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसल्या, पण लगेच त्यांना धाप लागली आणि आमचं ते हसणं तिथेच राहिलं.

पुढे त्या अंथरुणालाच खिळल्या. आता काका गच्चीवर जायचे बंद झाले, प्रार्थना काकूंच्या उशाशी व्हायला लागली, आणि त्या प्रार्थनेत मी असले की माझा जीव मुठीत. काका प्रयत्न करत होते, हे मला दिसत होतं. एका संध्याकाळी काकूंचा हात हातात घेऊन त्यांनी सुरुवात केली, ‘‘परमेश्वरा,’’ आणि मी चमकले, कारण नेहमीचं ‘अहो’ नव्हतं, ‘महोदय’ नव्हतं. ‘‘परमेश्वरा, तू...’’ काकूंनी डोळे उघडले. काकांचे ओठ हलले, आणि मग इतक्या जुन्या सवयीने शब्दाला मागून धक्का दिला, ‘‘...म्ही.’’ ‘तुम्ही’ पुरं झालं. काका ओशाळून खाली बघायला लागले. काकू कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसल्या. ‘‘जवळ आला होतात हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अगदी दारापर्यंत आला होतात.’’ मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि चहा काही टाकला नाही.

त्यानंतर आठवड्याभराने, दुपारी, काका खाली औषध आणायला गेलेले असताना काकू गेल्या. मी जवळ होते.

घर माणसांनी भरलं. नगरहून त्यांचा भाचा आला, त्यांच्या चर्चच्या मंडळीतले लोक आले, आमची सोसायटी तर अख्खी वर होती. आणि मग ते सुरू झालं, ज्याची मला धास्ती होती. कोणी म्हणालं, सुटल्या बिचाऱ्या. कोणी म्हणालं, देवाची इच्छा. जोशीबाई इतक्या वर्षांनी काकांशी बोलल्या त्या एवढंच, की सवाष्ण गेल्या. मला वाटलं, आता काका उठतात आणि एकेकाचा जबाब घेतात. पण काका खुर्चीत बसून होते. कोण काय बोलतंय हे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. शवपेटी उचलायच्या आधी चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि संपल्यावर, त्यांना काकांची गंमत माहीत नसावी, किंवा चांगली माहीत असावी, ते काकांना म्हणाले, ‘‘आपण दोन शब्द बोलता का?’’

काका उठले. हात पाठीमागे गेले नाहीत. ते पेटीजवळ आले, काकूंच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘अरे.’’



‘‘अरे, तू आहेस ना तिकडे? मग ऐक. हिला रस्ता ओलांडता येत नाही. गाडी लांब असली तरी ही मधेच थांबते. लोक ओरडतात, मग अजूनच घाबरते. तू लांबून ‘ये ये’ करू नकोस, त्याचा काही उपयोग होत नाही, मी करून बघितलंय. पुढे ये आणि हात धर. डावा धर, उजव्या हाताने ती पदर धरते. पोरगी तिथे असेल तर तिला घेऊन ये, तिला बघून ही चालेल. आणि दोघींना जरा बसू दे. लगेच गाणी म्हणायला उभं करू नकोस. तुझा-माझा हिशोब राहिलाय रे, तो मी सोडणार नाही. तो आपण दोघं नंतर बघू. आधी तू हिच्याकडे बघ.’’

मग ते परत खुर्चीत जाऊन बसले. ‘आमेन’ पाळकसाहेबांनीच म्हटलं. माझ्या मागे एक बाई कुजबुजल्या, ‘‘देवाला अरेतुरे? अशा वेळी?’’ मला त्या बाईंचा इतका राग आला की काही विचारू नका. आपण माणसाला अरेतुरे कुठे करतो? रस्त्यावर गचांडी धरतो तेव्हा, नाहीतर घरात. काकांनी त्या दिवशी दोन्ही एका दमात केलं होतं. पण माझा राग त्या बाईंवर खरा नव्हताच. जिच्यासाठी हा शब्द इतकी वर्षं अडून राहिला होता ती आमच्यासमोर होती, कपाळावरचे केस नीट विंचरलेले, आणि तिच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. जेमतेम एका दिवसाचा उशीर. मी आमच्या ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळ्यांसमोर रडले. हे मला थोपटत राहिले.

काकांना पुढे भाच्याने गावी नेलं. वरच्या जागेत आता एक भाडेकरू जोडपं आहे, दोघंही कामावर जातात, आवाज म्हणून नाही. बिल्डिंगची लिफ्ट हल्ली नुसती ‘बंद पडते’, कोणी पाडत नाही, आणि आम्ही मुकाट्याने जिना चढतो. संध्याकाळी मी गच्चीवर जाते. टाकी भरल्याचा आवाज येतो. पूर्वी मला काकांच्या त्या खणखणीत अहोजाहोचा कंटाळा यायचा, टीव्ही मोठा करायची मी. आता तो आवाज नुसता एकदा वरून यावा असं फार वाटतं. इतका तंटा करायला माणसाचा देवावर केवढा जीव असावा लागतो, हे मला माझ्या गणपतीला चार शब्द सुनावताना कधी कळलं नव्हतं.

रविवारी त्यांचा फोन येतो. गावच्या देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चला ते देऊळच म्हणतात, शेवटच्या बाकावर बसतात. देवाशी बोलणं चालू आहे. ‘‘भांडतो ना,’’ म्हणतात, ‘‘पण आता तोंडावर भांडतो.’’ शेतात ऊन किती, भाच्याची बायको भाकरी कशी करते, सगळं सांगून होतं. मी आमचं सांगते. मग बोलायचं संपतं, आणि दर वेळी, बाकी कोणी ‘बाकी काय’ विचारावं तशा सुरात ते विचारतात, ‘‘ताई, तुम्ही तिच्याजवळ उभ्या होतात त्या दिवशी. ऐकलं असेल का हो तिने?’’

मी म्हणते, ‘‘ऐकलं असेल, काका.’’

ते ‘हं’ म्हणतात. फोन मात्र आम्ही दोघंही ठेवत नाही.